मामाची शिकारी सायकल

टॅनर नदी, मर्चिसनच्या वर
३ फेब्रुवारी

प्रिय रोवीना,

तुझं मोटुएकातलं सायकलचं दुकान जोरात चाललंय असं तुझी आई सांगत होती. म्हणजे मामाला एक सल्ला फुकट द्यायला परवडेल तुला. फोन करत नाही, कारण आमचा फोन स्वयंपाकघरात आहे आणि तिथे तुझी मामीही असते. पत्रपेटी मात्र फाटकाशी आहे आणि तिथवर रोज मीच जातो.

त्या जाड टायरच्या, शेवाळी रंगाच्या इलेक्ट्रिक सायकली निघाल्यात ना, खास शिकारीसाठी म्हणून विकतात, बंदूक अडकवायला पट्टेबिट्टे असतात, त्यांच्याबद्दल विचारतोय. शेजारच्या डन्स्टनच्या जावयाने एक आणली. त्याने किंमत सांगितली तेव्हा मी दोनदा विचारून खात्री केली. तरीही डोक्यातून जात नाही. चांगलं काय, वाईट काय, दोन्ही लिही. गिऱ्हाइकाला लिहितेस तसं नको, मामाला लिही.

रस्ता तुला आठवत असेल. गाडी लावतो तिथपासून संगमाच्या खोपीपर्यंत जुन्या लाकूडगिरणीची बारा किलोमीटरची वाट, मध्ये झुलता पूल. संगमावर नदीचे दोन फाटे होतात आणि दोन्हीकडे नऊ-नऊ किलोमीटरवर वरची खोप. मार्च सरता सरता हरणांचे नर डुरकायला लागतात. चाळीस वर्षांत एक हंगाम चुकवला नव्हता, पण गेल्या वर्षी पावसाने संगमावरूनच परत यावं लागलं.

खरी अडचण अशी की मे महिन्यात माझा बंदुकीचा परवाना संपतोय. परवान्याचा माणूस चौकशीला येतो तेव्हा बायकोला वेगळं बसवून विचारतो, याच्याकडे बंदूक असावी का. तुझी मामी म्हणते, वर जाता येत नसेल तर बंदूक कशाला हवी, विकून टाक. तिचं तोंड कसं बंद करू? या वर्षी वर जाऊन हरीण आणलं तरच ते होईल.

आणि तुझ्या आजोबांचा नियम आहेच. स्वतःच्या पाठीवर जेवढ्या लांबून आणता येईल तेवढ्याच लांब मारायचं. सायकलीची पाठ ती माझीच पाठ धरायची का, तेही सांग.

वजन नव्वद किलो. हिशेबाला लागेल म्हणून लिहिलं.

तुझा,
लिंडसेमामा


मोटुएका
११ फेब्रुवारी

प्रिय मामा,

गेल्या वर्षी पाऊस नव्हता. तू गुडघा भोपळ्याएवढा करून घरी आलास आणि मामीने आठवडाभर तो गोठवलेल्या मटारच्या पिशव्यांनी शेकला, हे मला आईने तेव्हाच सांगितलंय. माझ्यापासून काय लपवतोस? आणि नव्वद किलो तू माझ्या लग्नात होतास. खरा आकडा कळव, त्यावर बॅटरी किती चालेल ते ठरतं.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. आवाज करत नाही, ही पहिली गोष्ट. चारचाकी मोटरबाइकवर गेलास तर अर्ध्या खोऱ्याला कळतं, पेट्रोलचा वास वेगळाच. ही जाते तेव्हा फक्त टायरखालचे खडे वाजतात. बारा किलोमीटर चालून जे दमतोस ते दमणं वाचेल आणि उरलेला दम जिथे लागतो तिथे, म्हणजे चढावर वापरता येईल. चढणीला गुडघ्यावर भार फार कमी येतो. मागे छोटा गाडा जोडता येतो.

आता दुसरी बाजू ऐक. ती चौतीस किलोची आहे. वाटेत झाड पडलेलं असेल तर ती उचलून पलीकडे कोण ठेवणार, मी तर तिथे नसेन. झुलत्या पुलावर तिचं हँडल मावणार नाही, मागच्या चाकावर उभी करून समोर ढकलत न्यावी लागेल, आणि पूल एका वेळी एकाच माणसाचा आहे हे विसरू नकोस. थंडीत बॅटरी लवकर उतरते. नदीत मोटर बुडाली तर मी हात जोडेन. शिवाय चालताना माणूस शंभर गोष्टी बघतो, पायाचे ठसे, खाल्लेली पालवी. सायकलवर नजर वाटेवरच राहते. अशी दहा गिऱ्हाइकं मला येऊन सांगून गेलीत की हरणाच्या बाजूने निघून गेलो आणि कळलंच नाही. जंगल खात्याच्या कचेरीत विचारून ठेव, काही वाटांवर मनाई असते.

आजोबांच्या नियमाचं मला विचारू नकोस. मी सायकली दुरुस्त करते, आजोबा नाही.

दुकानात फिरवून दाखवायला ठेवलेली एक आहे. हंगामापुरती नेऊन बघ. आई पुढच्या आठवड्यात तिकडे येतेय, तिच्या गाडीत टाकते. मामीला तूच सांग.

रोवी


टॅनर नदी
२ मार्च

प्रिय रोवी,

सायकल पोचली. मामीला सांगायची वेळच आली नाही, तुझ्या आईने गाडीतून उतरता उतरता सगळं सांगितलं. मामी म्हणाली, "म्हाताऱ्याला खेळणं आलं," आणि चुलीकडे वळली. आमच्याकडे यालाच परवानगी म्हणतात.

गुडघ्याचं तू म्हणतेस ते खरं. मान्य केलं, पुन्हा विचारू नकोस.

पण बाई, काय चीज आहे ही. पहिल्या दिवशी डन्स्टनच्या कुरणातून गेलो तर त्याच्या गाई माझ्यामागे पळत आल्या, त्यांना वाटलं चारा आला. काल संगमाच्या थोडं पुढे जाऊन आलो. कचेरीत विचारलंय, गिरणीच्या वाटेला आणि दोन्ही फाट्यांना हरकत नाही. पुलावर तू सांगितलंस तसं केलं, सायकल मागच्या पायांवर उभी आणि तिच्यामागे मी, कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं म्हातारा अस्वलाबरोबर नाचतोय. एवढं सोडलं तर जिथे मला साडेतीन तास लागायचे तिथे चाळीस मिनिटं लागली. चाळीस मिनिटं, रोवी. संगमाची खोप कधी आली आणि कधी गेली कळलंही नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिथे चहा न पिता पुढे गेलो.

सोमवारी, तीस तारखेला निघतोय, गुरुवारी परत. कुठला फाटा ते तुलाही लिहिणार नाही. आपल्याकडे जागा बायकोला सांगत नाहीत, तू तर दुकानदार, गिऱ्हाइकासमोर तोंड सुटायचं.

मामा


मोटुएका
१२ मार्च

प्रिय मामा,

जागा नको सांगूस. संगमाच्या खोपीतल्या वहीत नाव आणि फाटा लिहून जा म्हणजे झालं.

वजन तू अजून कळवलेलं नाहीस, तेव्हा मी शंभर धरते. शंभर धरून, रिकाम्या गाड्यासह, ही तुला वरच्या खोपीपर्यंत नेऊन परत आणेल आणि थोडी शिल्लक राहील. पण गाडा भरलेला असेल तर माझा हिशेब संपला. बॅटरी अर्धी झाली की कितीही मोठा नर डुरकला तरी मागे फिर. ती संपल्यावर सायकल म्हणजे चौतीस किलो लोखंड, एवढं ध्यानात असू दे.

लहानपणी तू मला खांद्यावर बसवून संगमाला नेलं होतंस. तू वहीत नाव लिहिलंस आणि माझा हात धरून माझंही लिहायला लावलंस. "का लिहायचं?" विचारलं तर म्हणालास, आपण आहोत हे कुणाला तरी कळलं पाहिजे. मला तो पेन्सिलीचा तुकडा अजून आठवतो, दोरीला बांधलेला.

यंदा ईस्टरला दुकान सोडता येत नाही. नाहीतर आले असते.

रोवी


टॅनर नदी
७ एप्रिल

प्रिय रोवीना,

मी फोन का करत नाही ते तुला कळलंच असेल. तो स्वयंपाकघरात बसून आहे आणि माझ्याकडे बघतोय. म्हणून लिहिते.

तुझा मामा जिवंत आहे. हे आधी लिहायला हवं होतं, डोकं ठिकाणावर नाही.

गुरुवारी येतो म्हणाला होता. शिकारी एक दिवस उशिरा आला तर मांस घेऊन येतोय समजायचं, म्हणून शुक्रवार मी काढला. शुक्रवारी मुसळधार पडला. शनिवारी सकाळी त्याच्या शेडमध्ये गेले तर त्याची पाठपिशवी खिळ्याला टांगलेली, आणि तिच्या पट्ट्याला तो नारिंगी बीकन बांधलेला. तीन वर्षांपूर्वी मीच तो घ्यायला लावला होता. संकटात कळ दाबायची आणि हेलिकॉप्टर येतं. पण सायकलीला पिशव्या आहेत म्हणून पाठपिशवी घरी ठेवली आणि तिच्याबरोबर बीकनही राहिला.

डन्स्टन आणि गावातले चौघे संगमाला गेले. वहीत त्याचं नाव नव्हतं. पुन्हा सांगते, नव्हतं. चाळीस वर्षं या माणसाने त्या वहीत नाव लिहिल्याशिवाय वर पाऊल टाकलेलं नाही, खोऱ्यात सगळ्यांना माहीत आहे. मग डन्स्टनने जे गृहीत धरलं तेच मीही धरलं असतं. नाव नाही म्हणजे तो संगमापर्यंत पोचलाच नाही. आणि गाडीपासून संगमापर्यंत हरवण्यासारखी एकच गोष्ट आहे, नदी.

शनिवार दुपार आणि रविवार सकाळ मी काठावर उभी होते आणि माझे शेजारी लांब काठ्या घेऊन कंबरभर पाण्यात माझ्या नवऱ्याला टोचत होते. मी चर्चला आणि मयतीला जायला घेतलेला काळा कोट घातला होता, थंडी होती म्हणून. डन्स्टनची बायको तो कोट बघून रडायला लागली. मी रडले नाही. मी त्याच्या शर्टांचा विचार करत होते, कुणाला बसतील याचा.

रविवारी अकराच्या सुमारास वाटेवरून कुरकुर आवाज आला. वळून बघते तर तुझा मामा, सायकल ढकलत, चारी बाजूंनी हरणाच्या तंगड्या लटकवलेल्या. पाण्यातल्या डन्स्टनकडे बघून म्हणतो, "काय रे, कुणाला शोधताय?"

डन्स्टन म्हणाला, "तुला."

ईस्टरचाच रविवार होता, येशू मेलेल्यांतून उठला तो. गावातल्या टवाळांना वर्षभराची सोय झाली.

मी अजून त्याच्याशी धड बोललेले नाही. परवान्याचा माणूस एकोणीस मेला येणार आहे आणि मला वेगळं बसवून विचारणार आहे. काय सांगायचं ते मी ठरवलेलं नाही. सायकल तुझी, त्याला तूच दिलीस, तेव्हा तूच सांग. आणि सायकल घेऊन जा.

नोएलीनमामी


टॅनर नदी
१९ एप्रिल

प्रिय रोवी,

मामीने तुला लिहिलंय हे मला माहीत आहे, शाई तिच्या बोटाला होती. आता माझं ऐक. आडपडदा न ठेवता सांगतो.

माझं वजन एकशे सहा आहे.

सायकलीने काहीही चूक केली नाही. सोमवारी दुपारी जेवणाआधी मी डाव्या फाट्याच्या वरच्या खोपीत होतो. हो, डावा फाटा, लिहिलं. गुडघा असा ताजा की बुधवारी संध्याकाळी खोपीच्याही दोन किलोमीटर वर गेलो, जिथवर आमच्या घरातलं कुणी कधी गेलेलं नाही. बाबाही नाहीत, कारण तिथून पाठीवर आणता येत नाही. तिथे तो उभा होता. बारा टोकांची शिंगं, मान काळी पडलेली, वाऱ्याच्या उलट. मी मनात म्हटलं, सायकल आहे की. एकाच गोळीत झालं. बाबांचा नियम मी मोडला आणि मोडताना मला फार बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

गुरुवारी मांस सोडवलं, पन्नास किलो तरी असेल, गाड्यात भरलं. शिंगं तिथेच ठेवली. तीन किलोमीटरवर बॅटरी गेली. तुझं लोखंड. मग पाऊस, नदी फुगली, शुक्रवार एका खडकाखाली काढला, एका वेका पक्ष्याबरोबर, त्याने माझा चमचा नेला. मांस टाकून हलका होऊन निघून येता आलं असतं. पण मारलेलं जंगलात टाकून यायचं नाही, एवढा तरी नियम शिल्लक होता.

आणि आता तुला गिऱ्हाइकांना सांगण्यासारखं काहीतरी सांगतो. शनिवारी सकाळी गाड्याचं चाक मोडलं तेव्हा तंगड्या सायकललाच बांधल्या, दोन्ही हात हँडलवर टाकले आणि ढकलत निघालो. तर काय, माझा सगळा भार हँडलवर, गुडघ्यावर काहीच नाही. चालताना मला इतकं सोपं दहा वर्षांत गेलेलं नव्हतं. वीज संपली की तिची हातगाडी होते, रोवी, आणि हातगाडी म्हणून ती झकास आहे. शनिवारी रात्री झाडाखाली झोपलो. रविवारी भराभर निघालो. सोमवारी जाताना संगमाच्या खोपीत शिरलो नव्हतो, तसाच तेव्हाही शिरलो नाही. उशीर झालाय, मामी चिडली असेल, एवढंच डोक्यात.

पुढचं मामीने लिहिलं असेल. मी हसत विचारलं होतं. डन्स्टनच्या तोंडाकडे बघितलं, मग काठावर तो काळा कोट बघितला.

काल संगमाला गेलो. वही दुरुस्त करायची होती. त्यात डन्स्टनच्या हातचं आहे: "शनिवार, ४ एप्रिल. लिंडसे मॅकर्सी इथवर पोचलेला नाही. नदीत शोधतोय." त्याच्या वर, माझं नाव असायला हवं तिथे, काहीच नाही. चाळीस वर्षांत मी इतरांची नावं वाचली, कुणी परत आलं, कुणी नाही. माझ्याबद्दल असं वाचायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. खोडणार होतो, पण खोडवेना. खाली लिहिलं, "पोचलो होतो. थांबलो नाही. चूक माझी." मग चहा ठेवला आणि पूर्ण प्यायलो.

परवान्याचा अर्ज टेबलावर आहे. मामी त्याच्यावरच भाजी चिरते. ती आणि तू, दोघी हो म्हणालात तरच भरेन. नाही म्हणालात तर बंदूक डन्स्टनच्या जावयाला देईन आणि कुरकुर करणार नाही.

मामा


मोटुएका
२६ एप्रिल

प्रिय मामी,

हे पत्र तुला आहे. मामाला वाचून दाखवलंस तरी चालेल.

सायकल मी परत मागत नाही. मामा नव्वद म्हणाला तेव्हाही मला ते खोटं आहे हे माहीत होतं, आणि मी ते चालवून घेतलं, कारण त्याने पुन्हा वर जावं असं मलाही वाटत होतं. म्हणजे मीही त्यात आहे. तोट्यांची मी इतकी मोठी यादी लिहिली त्याला, पण खरा तोटा सुटला. माणूस दमला की थांबायचा, चहा ठेवायचा, नाव लिहायचा. सायकलवर दम लागतच नाही, म्हणून तो थांबला नाही. त्याला काही दुरुस्ती माझ्याकडे नाही. मोठी बॅटरी घाल म्हणून तर मी मुळीच सांगणार नाही.

परवान्याच्या माणसाला काय सांगायचं ते तूच ठरव. ज्या माणसाने खोडायच्या ऐवजी "चूक माझी" लिहिलं त्याच्या हाती मी बंदूक देईन. पण काठावर तू उभी होतीस, मी नव्हते.

एक विचारू? आई म्हणते, लग्नानंतर पहिली पाच वर्षं संगमाला तूही जायचीस, आणि नेम तुझा चांगला होता. मग का सोडलंस?

रोवी


टॅनर नदी, संगमाची खोप
२७ मार्च

प्रिय रोवी,

वर्षभराने लिहितोय, पण खोपीतून पहिल्यांदा. हा कागद वहीतून फाडलाय, वहीने माफ करावं.

मे महिन्यात मामीने त्या माणसाला काय सांगितलं ते ती मला अजून सांगत नाही. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात मामीने भाजलेला एक स्कोन होता आणि म्हणाला, "तुमचा परवाना दहा वर्षांसाठी होईल, पण बाईंनी एक अट घातली आहे आणि ती आमच्या अर्जावर लिहायला जागा नाही." ती अट म्हणजे तू ऑक्टोबरमध्ये मामीसाठी पाठवलेली दुसरी सायकल, बावीस किलोची. तुला मामीने गुपचूप पत्र लिहिलं होतं ना? पत्रपेटीकडे आता आम्ही दोघंही जातो.

आता ऐक. गाडीपासून आम्ही बरोबर निघालो. पूल तिने आधी ओलांडला, आणि मी पुलावर माझ्या अस्वलाशी झटत होतो तेवढ्यात ती पलीकडे दिसेनाशी झाली. पुढे गेली ती गेलीच. मी पोचलो तर खोपीतून धूर येत होता, किटली उकळत होती आणि दारात तोच काळा कोट वाळत घातलेला, वाटेतला ओढा ओलांडताना भिजला म्हणून.

ती म्हणाली, "नाव लिही आधी."

वही उघडली. आजच्या तारखेला तिचं नाव होतं, डावा फाटा, तीन दिवस. त्याखाली, माझ्यासाठी जागा सोडून, तिच्याच अक्षरात: "लिंडसे मॅकर्सी मागून येतोय. शोधू नये."

सही केली. पेन्सिलीला नवी दोरी बांधली आहे. चहा घेतोय.

मामा